टीव्हीच्या पाठीवर लिहिलेलं

कुरियरने आलेली काळी डबी साबणाच्या वडीएवढी होती, आणि वन्संचं म्हणणं असं की तिच्यात मेस्त्री बसलाय, आता फक्त त्याला बाहेर काढायचा.

मेस्त्री म्हणजे वहिनींचा मुलगा, एकुलता एक. लहानपणी बापाच्या दुरुस्तीच्या दुकानात मुठीत स्क्रू धरून बसायचा, म्हणून बापाने हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. आता दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो, हाताखालची माणसं त्याला साहेब म्हणतात. घरात मात्र मेस्त्रीच. आणि वन्संचं काय सांगावं! वहिनींच्या नवऱ्याची ही धाकटी बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, जिभेला हाड नसलेली. वहिनींचा नवरा गेला आणि घरात या दोघीच उरल्या, एक कमी बोलणारी आणि एक दोघींच्या वाटचं बोलणारी.

काळ्या डबीच्या कपाळावर बारीकसा कॅमेरा होता. ती टीव्हीला जोडली की मेस्त्री टीव्हीत दिसणार आणि या दोघी त्याला तिकडे दिसणार. ऐकायला किती सोपं! पण टीव्ही कुठला? जुना, खोक्याचा, मागे पोट सुटलेला. डबीच्या वायरीला चपटी पिन, टीव्हीच्या पाठीला गोल भोकं. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. मेस्त्रीने ते फोनवर ऐकून घेतलं आणि आणखी एक डबी पाठवली, पांढरी, काडेपेटीएवढी. तिच्यात एका बाजूने चपटी पिन जाते आणि दुसऱ्या बाजूला पिवळी, पांढरी, लाल अशा तीन गोल पिनांच्या वायरी लागतात. पिवळीतून चित्र, बाकीच्या दोघींतून आवाज.

"आजी, नवीन टीव्ही घ्या की," केबलवाला मध्ये एकदा म्हणाला होता. "हा तर भंगारवालासुद्धा नेणार नाही." वहिनींनी त्याला पाणी दिलं आणि मग दार दाखवलं. नवीन टीव्ही पाठवतो असं मेस्त्रीही म्हणाला होता. वहिनींनी ऐकलं नाही. हा टीव्ही त्यांच्या नवऱ्याने कितीदा तरी मरणाच्या दारातून परत आणला होता. माणूस गेला, टीव्ही राहिला, आता त्यालाही घालवायचं म्हणजे अतिच झालं.

पण टीव्हीवरच कशाला बघायचं, फोनवर बघावं की! तर त्याचं असं, की वहिनींचा उजवा डोळा कधीच गेला होता आणि डाव्याच्या मधोमध धुरकट डाग धरला होता. कडेकडेचं दिसायचं, नेमकं समोरचं पुसलं जायचं. फोनच्या एवढ्याशा काचेत तर नुसता डागच. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला हातावर हात ठेवून सांगितलं होतं, "आजी, जे बघायचं असेल ते आता बघून घ्या." वहिनींना बघायचं एकच राहिलं होतं. मेस्त्रीचं तोंड.

ते त्यांनी तो घर सोडून गेला त्यानंतर पाहिलंच नव्हतं. फोटो पाठव म्हटलं की लिफ्टचे फोटो पाठवायचा. फोनवर कॅमेरा लाव म्हटलं की म्हणायचा, कॅमेरा बिघडलाय. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला स्वतःच्या फोनचा कॅमेरा दुरुस्त करता येऊ नये, हे कुणाला तरी पटेल का? पण वहिनी पटवून घ्यायच्या. आईच्या जातीला हीच तर खोड.

भांडण झालं होतं बापलेकांचं. बापाला वाटत होतं, पोराने दुकानात बसावं, पाटीवर "आणि मुलगा" असं लिहावं. रंगाचा डबासुद्धा आणून ठेवला होता. पोरगं म्हणालं, "बाबा, हे खोके आता कोण दुरुस्त करून घेणार? थोड्या दिवसांनी इथे माश्या मारत बसाल." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलला ते खरं झालं, हे आणखी वाईट. बाप पुढे खरोखरच दुकानात माश्या मारत बसला. पण त्या सकाळी पोराने बॅग उचलली, दारात उभं राहून बापाकडे बघून म्हणाला, "जातो."

येतो नाही. जातो! वहिनी हातात ओलं फडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मेस्त्री बोलायला शिकला तेव्हापासून त्यांनी त्याला हजारदा बजावलं होतं, घरातून निघताना जातो म्हणू नये, येतो म्हणावं. पोराने तेवढंच हत्यार नेमकं उचललं. आणि बापानेही पेपरातून डोकं वर न काढता म्हटलं, "जा."

बस. त्यानंतर दोघे बोलले नाहीत. बाप गेला तेव्हा मेस्त्री निघाला, अर्ध्या वाटेवर गाडीतून उतरला आणि परत फिरला. नंतर फोनवर रडत म्हणाला, "आई, कोणत्या तोंडाने आलो असतो?" वहिनींना तेव्हा उत्तर सुचलं नाही. नंतर रोज सुचायचं, पण त्याने परत विचारलं नाही.

मग एके दिवशी वन्संनी वहिनींना न सांगता त्याला फोन लावला. "हे बघ, तुझ्या आईचे डोळे चाललेत. तोंड दाखवायचं असेल तर आता दाखव. नंतर तू अगदी नटूनथटून आलास तरी उपयोग नाही." असं म्हणून ठेवून दिला. त्यानंतर ही काळी डबी आली.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर दोघी कामाला लागल्या. टीव्ही भिंतीपासून ओढायचा म्हणजे सोपं होतं का? वन्संनी ढकलला, वहिनींनी धरला, टीव्ही इंचभर सरकला आणि वन्संची कंबर हातभर.

"मी करते जोडाजोडी," वन्सं म्हणाल्या. "जन्मभर लोकांची कनेक्शनं जोडली. कोणाचा नवरा कोणाला लावून दिला नाही कधी."

"एकदा दिला होतात."

"एकदा. तेही त्याचंच नशीब उघडलं."

वन्संनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि टीव्हीच्या मागे डोकं घातलं. या टीव्हीच्या पाठीशी दोघींचा आजवर काही संबंध आला नव्हता. पुढची बाजू घराची, मागची बाजू बापलेकांची, अशी वाटणीच होती. मेस्त्री शाळेतून आला की दोघे मागे जाऊन बसायचे आणि तिथून नुसती कुजबुज ऐकू यायची. वहिनी चहा नेऊन द्यायच्या त्यासुद्धा पुढूनच, टीव्हीवरून हात लांब करून.

"इथे दोन ओळी आहेत भोकांच्या," आतून वन्संचा आवाज आला. "छापलेलं सगळं पुसलंय. एका ओळीला पट्टी लावलीये, जखमेला लावतात तसली. पेनाने लिहिलंय... 'येतो'. चला, सोपं झालं. चित्र येतो."

"चित्र येतं."

"येतं काय न् येतो काय, यायला मतलब. दादाला व्याकरण कधी जमलं?"

पिवळी, पांढरी, लाल, तिन्ही पिना "येतो"च्या ओळीत गेल्या. काळी डबी टीव्हीच्या डोक्यावर बसली. पांढऱ्या डबीला तिची वेगळी वीज लागते हे मेस्त्रीने बजावलं होतं, म्हणून तिचीही वायर भिंतीत गेली. वन्संनी बटण दाबलं. टीव्ही नेहमीसारखा आधी खाकरला, मग उजळला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या. पुढच्या झडपेखालचं बटण दाबत गेल्यावर मुंग्या गेल्या आणि सगळं निळं झालं. निळं ते निळंच राहिलं.

वहिनी खुर्ची तिरकी करून बसल्या होत्या. डागाच्या कडेने बघायचं तर असंच बसावं लागायचं. केस विंचरले होते, ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. निळ्याकडे बघत बसल्या. वन्संनी टीव्हीला एक चापट मारली, मग दुसरी. निळं हललं नाही.

"नाही दिसायचा," वहिनी म्हणाल्या. "माझ्या नशिबातच नाही."

"नशिबाला कशाला मधे आणतेस? पिनेचा घोळ आहे." वन्संनी साधा फोन लावला आणि आवाज मोठा केला. "हॅलो! हॅलो! मेस्त्री, अरे तू निळा आहेस."

"आत्या, मी इकडे तयार बसलोय," फोनमधून मेस्त्री म्हणाला. "पिवळी पिन कुठे घातलीस?"

"जिथे 'येतो' लिहिलंय तिथे. दुसरं काही लिहिलेलंच नाही."

फोनवर एकदम सामसूम झाली. वन्संना वाटलं लाइन तुटली. त्यांनी सवयीने फोन हलवला.

"काय लिहिलंय म्हणालीस?"

"येतो. तुझ्या बापाचं अक्षर. बहिरा झालास का?"

"ती पट्टी अजून आहे?" मेस्त्रीचा आवाज बारीक झाला होता. "आत्या, 'येतो' म्हणजे बाहेर जायची ओळ. तिथून चित्र आत येत नाही, बाहेर जातं."

"काय बोलतोस! 'येतो' म्हणजे बाहेर? उद्या मीठ म्हणजे साखर म्हणशील!"

"अगं, बाबा मला शिकवत होते तेव्हाचं आहे ते. ही ओळ आत यायची, तिला त्यांनी 'आलो' लिहिलं. दुसरी बाहेर जायची, तिला मी म्हटलं, 'जातो' लिहूया. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, 'जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं!' बाबा इतके हसले, इतके हसले. म्हणाले, 'मेस्त्री, मालकीणबाईंची ऑर्डर आहे, लिही येतो.'"

वहिनींनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. आपण ओरडलो होतो हे त्यांना आठवतही नव्हतं. रोजच तर ओरडायच्या. आपलं एक वाक्य या टीव्हीच्या पाठीवर इतकी वर्षं चिकटून बसलंय, आणि पुढून आपण रोज त्याची धूळ पुसतोय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग 'आलो'ची ओळ ती दुसरी," मेस्त्री म्हणाला. "तिलाही पट्टी असेल."

"नाही रे. तिथे नुसता डिंकाचा काळा डाग आहे." वन्संनी पुन्हा डोकं मागे घातलं. "आणि ही तुझी 'येतो'ची पट्टी चांगली जाडजूड आहे. अगं बाई, एकाखाली एक आहेत!" त्यांनी नखाने कोपरा उचकटला. "वरची दादाची, हात थरथरतोय. खालची पण दादाचीच, जरा बरी. त्याच्याही खाली आहे... ही सगळ्यात खालची पोराच्या अक्षरातली. 'ये'ची मात्रा पार कुठच्या कुठे गेलीये."

टीव्ही मागून तापतो, तापला की पट्टी सुटते, एवढं वहिनींनाही कळत होतं. आणि हे दर थोड्या महिन्यांनी टीव्ही पुढे ओढायचे ते त्यांना आठवलं. "काय करताय?" म्हटलं की "धूळ" म्हणायचे. शेवटच्या आजारात धाप लागत असतानासुद्धा ओढला होता. वहिनी तेव्हा चिडून म्हणाल्या होत्या, "मरू द्या ना ती धूळ!"

"आत्या, त्या रिकाम्या ओळीत घाल," मेस्त्री हळूच म्हणाला.

वन्संनी पिना काढल्या, रिकाम्या ओळीत बसवल्या. निळं गेलं. पडद्यावर काहीतरी काळंपांढरं आलं आणि खालून वर लोळत सुटलं. एक हनुवटी वर गेली, तिच्यामागून कपाळ, पुन्हा हनुवटी. वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"धरा, धरा! वन्सं, तो चाललाय वर!"

"मी कशी धरू, टीव्हीत हात घालून?"

"पांढऱ्या डबीच्या कडेला खटका आहे," फोन म्हणाला. "तो दुसरीकडे सरकवा."

खटका सरकला. लोळणं थांबलं, रंग भरला, आणि मेस्त्री जागेवर उभा राहिला.

जुन्या टीव्हीत नव्या डबीचं चित्र मावत नाही. कडेची भिंत कापली गेली होती, खोली कापली गेली होती, कानसुद्धा अर्धे गेले होते. उरलं होतं नुसतं तोंड. पडदाभर. वहिनींनी मान वळवली, आणखी वळवली, आणि डाग बाजूला सरकवत सरकवत ते तोंड थोडं थोडं करून बघितलं. आधी डोळे. मग नाक, ते त्यांचंच होतं. मग ओठ, आणि ओठ बघून त्यांचा जीव गलबलला, कारण स्क्रू बसत नसला की हे जसे ओठ आत ओढून धरायचे, अगदी तसेच धरले होते. डोळ्यांत पाणी आलं तर तेवढंही दिसणार नाही, म्हणून त्यांनी ते घाईघाईने पुसलं.

"केस कुठे ठेवून आलास रे?" त्या म्हणाल्या.

"गेले, आई." मेस्त्री हसला आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं. "तू किती बारीक झालीस."

"टीव्हीत सगळे बारीकच दिसतात."

"टीव्हीत जाड दिसतात, वहिनी," वन्सं म्हणाल्या, आणि मग, आश्चर्य म्हणजे, गप्प बसल्या.

वहिनी मान वळवून वळवून बघत होत्या. मेस्त्री बघू देत होता. मग त्याने मान खाली घातली. पडद्यावर नुसतं टक्कल आलं.

"आई, एक विचारू? 'आलो'ची पट्टी बाबांनी फाडून टाकली का? मी गेल्यावर?"

म्हणजे हे धरून बसला होता तर! नवऱ्याच्या बाजूने त्यांना आयुष्यात फार कमी वेळा बोलायला लागलं होतं, तो माणूस स्वतःच दोघांचं बोलायचा. पण आता तो नव्हता.

"फाडतील कशाला? सुटून पडली असेल, 'येतो'ची पडायची तशीच. फक्त ही त्यांनी परत लावली नाही."

"का?"

"तू आला नव्हतास ना. हे खोटं कसं लिहितील?"

मेस्त्रीने तोंड वर केलं. ते लपवायचा त्याने काही प्रयत्न केला नाही. लहानपणी पडल्यावर रडायचा तसा रडला, आवाज करून, आणि जुन्या टीव्हीचा फुटका स्पीकर त्याच्याबरोबर खरखरत राहिला. वहिनी उठल्या, चाचपडत टीव्हीपाशी गेल्या आणि काचेवर तळवा ठेवला. काच कोमट होती. हातावरची लव चर्र करून काचेकडे ओढली गेली.

"दादाने तुला 'जा' म्हटलं ते मी ऐकलं नाही," वन्सं मागून म्हणाल्या. "पण ही पट्टी मी वाचलीये. मरेपर्यंत लिहीत होता गाढव."

"आई, मी आता कोणत्या तोंडाने येऊ?" मेस्त्री म्हणाला. त्याने परत विचारलं होतं. इतक्या वर्षांनी, नेमकं तेच.

"हे काय, हे दिसतंय की," वहिनी म्हणाल्या. "चांगलं आहे. ह्याच तोंडाने ये."

त्याने बाहीने नाक पुसलं. तिकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, कुठेतरी कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. तो उठला. आता पडद्यावर नुसता शर्ट दिसत होता, वरचं बटण तुटलेलं. मग तो पुन्हा वाकला आणि सगळं तोंड घेऊन पडद्यात आला.

"आई," तो म्हणाला, "येतो."

पडदा निळा झाला. वहिनी तिथेच काचेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वन्संनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा पुसला.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नकोस," त्या शेवटी म्हणाल्या, "पण येतो तर जाणारा प्रत्येक जण म्हणतो."

"म्हणतो ना. यायचंय म्हणूनच म्हणतो." वहिनींनी औषधांच्या डब्यातून जखमेची पट्टी काढली आणि चाचपून दोन बोटांएवढी कापली. "ही घ्या. त्या रिकाम्या ओळीला लावा."

वन्संनी पट्टी लावली, अंगठ्याने दाबून बसवली आणि पेन शोधायला लागल्या.

"लिहू नका," वहिनी म्हणाल्या. "ते मेस्त्रीचं काम आहे."